गुरुवारची गैरहजेरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडून पंधरवडा झाला की आपल्या भागात शाळाबाह्य मुलांच्या शोधाची धावपळ सुरू होते. शिक्षक वाडीवस्तीवर जातात, याद्या होतात, आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा दोनच शब्द लिहिले जातात: ‘कौटुंबिक अडचण’. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी एकतीस वर्षे शिकवले आणि हे दोन शब्द मीही कित्येकदा लिहिले आहेत. ते दर वेळी खरे होते असे आज मला म्हणवत नाही. कित्येकदा अडचण मुलाच्या मनातली असते आणि ती ओळखायला, सांगायला शाळेने शिकवावे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

अडचणी खऱ्याच असतात, हे आधी सांगायला हवे. भीमगडच्या जंगलातील गवाळी, आमगाव अशा गावांचा पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. निपाणीकडे विडी-तंबाखूचे काम घरातल्या लहान हातांनाही लागते, वडगाव-शहापूरच्या माग असलेल्या घरांत मुलगा चौदा-पंधराचा झाला की कांड्या भरायला बसतो, आणि खानापूरच्या पश्चिमेकडील मुलांना गोव्यातील हॉटेले हायस्कूलपेक्षा जवळची वाटतात. यातली एकही अडचण डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्याने सुटणार नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मात्र एकाच वाडीतली, सारख्याच परिस्थितीतली, त्याच बसने येणारी दोन मुले असतात आणि त्यातले एक दहावीपर्यंत पोहोचते, तर दुसरे आठवीतच सुटते, याचे उत्तर परिस्थितीच्या रकान्यात सापडत नाही.

सातवीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकलेला एक मुलगा आमच्याकडे आठवीत आला. गणितात बरा, अक्षर वळणदार, बोलायला कमी. जुलैत कन्नडच्या तासाला त्याला उभे राहून वाचायला सांगितले, तेव्हा तो एका जोडाक्षरावर अडखळला, पुन्हा वाचताना पुन्हा तिथेच थांबला आणि वर्गात हशा पिकला. शिक्षकांनाही हसू आवरले नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. ऑगस्टमध्ये तो मधूनच गैरहजर राहू लागला. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही, तेव्हा वर्गशिक्षक म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, “पोटात दुखतंय म्हणतंय ओ सर. दवाखान्यात दाखवलं, काय न्हाई म्हणाले.” मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी कारण विचारले, तर खाली बघत म्हणाला, “कसंतरीच हुतंय सर.” मी दोन उपदेशाची वाक्ये बोललो, चहा घेतला आणि परतलो. डिसेंबरात तो मामाबरोबर म्हापशाला गेला.

दाखला लिहिण्याआधी हजेरीची बेरीज करताना मला जे दिसले, ते ऑगस्टमध्येच दिसायला हवे होते. ऑगस्टमधल्या त्याच्या सगळ्या गैरहजेऱ्या गुरुवारच्या होत्या. सप्टेंबरात मंगळवार आणि गुरुवार. कन्नडचे उभे राहून वाचन याच दोन दिवशी असे. पोटात दुखत होते हे खोटे नव्हते. भीतीने पोटात गोळा येतो हे आपली भाषा फार पूर्वीपासून सांगत आली आहे. आपल्याला होते आहे त्याला नाव आहे, ते इतरांनाही होते, ते सांगता येते आणि थोड्या वेळाने ओसरतेही, एवढे त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते. ते ऐकून घ्यायला मला तरी कुणी शिकवले होते? सरावाप्रमाणे मी दाखल्यावर ‘कौटुंबिक अडचण’ असे लिहिले.

भावनिक कौशल्ये हा शब्द अलीकडे परिपत्रकांतून फार फिरतो आणि सजगता (इंग्रजीत माइंडफुलनेस) हा त्याहून जास्त. निवृत्तीच्या आधीच्या सहा वर्षांत मी माझ्यापुरता जो प्रयोग केला, त्याला एवढी भारी नावे नव्हती. आठवीच्या वर्गात प्रार्थनेनंतरची दहा मिनिटे मी ठेवून घेतली. पहिल्या आठवड्यात फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: नको वाटते तेव्हा अंगात काय होते? आधी कुणी बोलेना. मग एका मुलीने ‘हातपाय गार पडतात’ असे सांगितले आणि फळा भरत गेला: घशात आवंढा येतो, कान तापतात, छातीत धडधडतं, मान वर होत नाही, जीव घाबरा होतो. पुस्तकी एकही शब्द त्यात नव्हता. पावसाळ्यात मंगळुरी कौलांवर पाऊस कोसळू लागला की शिकवणे ऐकूच येत नसे. ती दोन मिनिटे आम्ही फक्त तो आवाज ऐकायचो, मन दुसरीकडे गेले तर परत आवाजाकडे आणायचे. सजगता म्हणतात ती बहुधा हीच असावी. त्याशिवाय दोन साधे नियम होते. वाचताना कुणी अडखळला तर शेजारच्याने त्याच्याबरोबर मोठ्याने वाचायचे, आणि सलग दोन दिवस कुणी आले नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या वाडीतल्या मुलाने घरी जाऊन विचारायचे. गैरहजेरी तारखेने न वाचता वाराने वाचण्याची सवय मी मला स्वतःला लावून घेतली.

याने चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. फळ्यावर पहिले उत्तर देणारी ती मुलगी दुसऱ्याच वर्षी लग्न होऊन गेली, आणि तिच्या घरी माझे काही चालले नाही. पण पोटात दुखते म्हणून घरी थांबणारी मुले कमी झाली. काही जण मधल्या सुट्टीत येऊन ‘सर, आज वाचायला नको सांगा’ असे म्हणू लागले. हे सांगता आलेले मूल सहसा दुसऱ्या दिवशी शाळेत येते, असा माझा अनुभव आहे.

पुढे या विषयावर वाचू लागलो तेव्हा आपण अगदीच चाचपडत नव्हतो असे वाटले. २०११ साली अमेरिकेत भावनिक कौशल्ये शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा, म्हणजे दोन लाख सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा, एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या वागण्याबरोबर अभ्यासातही सुधारणा दिसली, पण अभ्यासातली सुधारणा जिथे शाळेच्याच माणसांनी हे काम केले तिथेच दिसली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांच्या हातून ती झाली नाही. एका दिवसाची कार्यशाळा घेऊन, फोटो काढून, फलक गुंडाळून जाणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे. आपल्या बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनेही कर्नाटकातील माध्यमिक शाळांत शिक्षकांमार्फत जीवनकौशल्यांचे शिक्षण दिले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मुलांचा आत्मसन्मान आणि शिक्षकांशी व शाळेशी जुळवून घेणे सुधारलेले दिसते, घरातल्या नात्यांत मात्र फरक दिसला नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलीचे लग्न आठवले की हे मला अगदी पटते.

ध्यानाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा असेच मी सुचवीन. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले, तेव्हा सजगतेचे खास धडे नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा शीण मात्र काही काळ हलका झाला, म्हणजे गंमत अशी की मुलांसाठी आणलेले औषध मास्तरांना लागू पडले. म्हणून साऱ्या शाळेला मैदानात बसवून सक्तीने डोळे मिटायला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. ज्या मुलाच्या घरी रात्री भांडण झाले आहे, त्याला डोळे मिटले की तेच दिसते.

आता भाषेविषयी. या विषयावरचे जे साहित्य माझ्या हाती आले ते कन्नडमध्ये आणि इंग्रजीत होते. कन्नडला माझा विरोध नाही. येथेच राहून पोट भरायचे असेल तर ती आलीच पाहिजे, आणि सीमाप्रश्नाचा वादही मी या पत्रात आणत नाही. पण ज्या भाषेत अडखळल्याची लाज मुलाला वाटते, त्याच भाषेत त्याने ती लाज सांगावी ही अपेक्षा चमत्कारिक आहे. १९५६ साली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण मिळावे असे सांगते. ती तरतूद प्राथमिक स्तरापुरती आहे. माझ्या पाहण्यात मुले घसरतात ती नेमकी ती पायरी ओलांडून आठवीत येताना. मनाबद्दल बोलण्याची दहा मिनिटे तरी मराठी माध्यमाच्या वर्गात मराठीतच असावीत, त्यासाठी शिक्षकाला तीस-चाळीस पानांची एक मराठी पुस्तिका मिळावी, आणि तो शिक्षक वर्षभर त्याच वर्गावर असावा. रिकाम्या जागा अतिथी शिक्षकांवर चालवायच्या आणि मुलाने दरवर्षी नव्या माणसापाशी मन मोकळे करायचे, हे जमणारे नाही.

आणखी एक जागा आहे जिथे मुले हातची जातात. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात दहावीच्या एका वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात. पहिलीत नापास झालेल्याला काही आठवड्यांतच दुसरी देता येते. सोय चांगली आहे. पण निकालाच्या दिवशी नापास झालेले मूल शाळेकडे फिरकत नाही, फोन उचलत नाही, आणि अर्जाची मुदत त्या दोन-चार दिवसांच्या लाजेतच निघून जाते. एका विषयात आठ गुणांनी राहिलेला एक विद्यार्थी केवळ मुख्याध्यापकांसमोर उभे राहायला नको म्हणून उद्यमबागेतल्या कारखान्यात लागलेला मी पाहिला आहे. निकालानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत वर्गशिक्षकाने अशा प्रत्येक मुलाच्या घरी जावे, आणि त्या कामाला निवडणूक-जनगणनेच्या कामासारखीच ड्युटी म्हणून मान्यता मिळावी.

संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडेही आहे. निकालानंतर आपल्या दैनिकात गुणवंतांच्या छायाचित्रांची पाने येतात आणि ती यावीतच. पण ते पान नापास झालेल्या मुलाच्या घरीही जाते. त्याच पानाच्या तळाशी चार ओळींची एक चौकट दरवर्षी ठेवता येईल का? पुढच्या परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख, मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या मोफत समुपदेशन सेवेचा क्रमांक १४४१६, जिथे मराठीतही बोलता येते, एवढेच त्यात असावे. अक्षर जरा मोठे ठेवा, म्हणजे आईबापांनाही वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव