व्हीलचेअर ढकलण्याचेही प्रशिक्षण हवे

महोदय,

दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत सुगम प्रवेश बंधनकारक केला. तरीही १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबी हे प्रमाण न पाळता बांधलेले रॅम्प सर्रास दिसतात आणि अशा तीव्र उतारावर व्हीलचेअर सरळ तोंडाने नेल्यास बसलेली व्यक्ती पुढे कोसळू शकते. तेथे मदतनिसाने उताराच्या खालच्या बाजूला राहून, मागे पाहत, खुर्ची उलटी उतरवावी. उठता-बसताना दोन्ही ब्रेक लावलेले आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडलेल्या असाव्यात, कारण त्यांवर भार पडला की खुर्ची कलंडते. मात्र त्याआधी, बसलेल्या व्यक्तीला विचारल्याशिवाय खुर्चीला हातच लावू नये. हे सौजन्य फार क्वचित आढळते. रुग्णालयांनी सेवकांना आणि नातेवाइकांनाही हे प्रत्यक्ष करून दाखवावे.

– एक वाचक, सातारा