टेबलावरची सजावट हनुवटीच्या खाली असावी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सुट्टीतल्या कौटुंबिक जेवणासाठी घरच्या घरी टेबल कसं सजवावं, यावर गेल्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलं आहे. त्यातलं छायाचित्र मी कापून ठेवलं, कारण रंगांचा मेळ मला खरोखर आवडला. पण हे पत्र लिहायला बसले तीही त्याच छायाचित्रामुळे. टेबलाच्या मधोमध काचेची उंच फुलदाणी, तिच्यात वाळलेल्या फांद्या, फांद्यांवर चंदेरी चमकी आणि दोन्ही बाजूंना जळत्या मेणबत्त्या. शेजारच्या ताटावरून अंदाज घेतला, तर फांद्यांची टोकं टेबलापासून साठेक सेंटीमीटर वर जातात. या टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांना एकमेकांची तोंडं दिसणार नाहीत. लेखात रंगसंगती आहे, साहित्य आहे, किती वेळ लागेल तेही आहे. समोरचा माणूस दिसायला हवा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

मी ३१ वर्षं शाळेत हस्तकला शिकवली. चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही टेबल असंच सजवत होते.

माझ्या थोरल्या दिरांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. साठीनंतर त्यांना ऐकू येणं कमी होत गेलं. कानाला यंत्र आहे, पण दहा माणसं एकदम बोलायला लागली की त्याचा फारसा उपयोग होत नाही. मग ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून वाक्य जुळवतात. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी जेवायला आम्ही चौदा जण होतो. मी तीन दिवस खपून जाड कागदाची तीन झाडं केली होती. घड्या घातलेले गोल एकावर एक बसवून केलेली, दीड-दीड फूट उंच. टेबलाच्या मधोमध ओळीने उभी केली. आलेल्या प्रत्येकाने कौतुक केलं आणि मला ते ऐकताना फार बरं वाटत होतं.

जेवण सुरू झालं आणि दहा मिनिटांत अण्णा गप्प झाले. खाली मान घालून जेवू लागले. जाऊबाईंनी एकदोनदा त्यांच्या हाताला हात लावून विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. प्रवासाने थकले असतील, असं मला वाटलं. माझी नात तेव्हा आठ वर्षांची होती, ती त्यांच्या शेजारी बसली होती. ती उठली, मधलं झाड दोन्ही हातांनी उचललं, खिडकीत नेऊन ठेवलं आणि परत येऊन जेवायला लागली. कुणाला काही म्हणाली नाही. समोर माझे यजमान भावाभावांच्या लहानपणची एक गोष्ट सांगत होते. अण्णांनी ती मधेच पकडली आणि शेवट त्यांनीच सांगितला. उरलेली दोन झाडं मग मी स्वतः उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना विचारलं, की टेबल तुमच्यासाठी लावायचं तर कसं लावू? अण्णा आयुष्यभर आरेखनाचं काम करत आले. त्यांनी पट्टी मागवली. मला खुर्चीवर बसवून टेबलाच्या पृष्ठभागापासून माझ्या हनुवटीपर्यंतचं अंतर मोजलं, मग नातीचं मोजलं, मग जाऊबाईंचं. माणूस जेवताना पुढे वाकतो, म्हणजे तोंड आणखी खाली येतं. तेव्हापासून आमच्या घरात मर्यादा २१ सेंटीमीटरची. पट्टी शोधायची गरज पडत नाही, कारण ए-४ कागदाची रुंदी नेमकी २१ सेंटीमीटर असते. कागद लांब बाजूवर आडवा उभा धरायचा आणि सजावटीशेजारी नेऊन बघायचं. कागदाच्या वर डोकावणारं काहीही टेबलाच्या मधल्या पट्ट्यात ठेवायचं नाही.

अण्णांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. इतकी वर्षं हस्तकला शिकवूनही त्या माझ्या कधी मनात आल्या नव्हत्या. पहिली उजेडाची. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी किंवा दिवा असला की त्याचा चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत. मोठे दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात जेवणं आपल्याला सुंदर वाटतं. ओठ वाचणाऱ्याला मात्र ज्योती डोळ्यांसमोर चमकतात आणि चेहरे अंधारात जातात. म्हणून वरचा दिवा चालू राहतो. ज्यांना उजेड कमी हवा त्यांनी जेवण झाल्यावर बसावं. शिवाय कागदाची सजावट आणि उघडी ज्योत एकाच टेबलावर ठेवायला माझा पहिल्यापासून विरोध आहे. वाढताना हात पुढे जातात, बाही सुटी असते, आणि मुलं शेजारी असतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. कानाचं यंत्र बोलण्याबरोबर भांड्यांचा आवाजही मोठा करतं. उघड्या लाकडावर किंवा काचेवर चमचा पडला की तो आवाज अण्णांच्या कानात टोचतो, आणि त्याच क्षणी कुणी बोललेलं सगळं हरवतं. टेबलावर जाड कापड असलं की हा त्रास बराच कमी होतो. आम्ही जुनी लोकरी शाल खाली पसरतो आणि वरून सुती कापड. मधल्या पट्ट्यावर सजावट आणि ताटांखाली उघडं लाकूड, अशी छायाचित्रं नेहमी दिसतात. आमच्याकडे त्याच्या उलट करतो. ताटांखाली मऊ थर हवाच, मधला पट्टा उघडा राहिला तरी चालेल.

हे वरचं सुती कापड आमच्या घरात सगळ्यात वयस्कर हातांचं काम आहे. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत आणि त्यांना आता फार कमी दिसतं. कापड सरळ कापायचं तर एक धागा टोकाशी पकडून हळूच ओढून काढायचा. तो निघाला की कापडात बारीक रेघ उमटते, आणि तिच्यावरून कात्री चालवली की कडा वाकडी जात नाही. एवढं मी करून देते. पुढच्या दशा त्या काढतात, नुसत्या बोटांच्या स्पर्शाने. आडवे धागे एकेक करून सोडवायचे, दोन बोटं रुंदी झाली की थांबायचं. चार-सहा दिवस रोज दुपारी त्या हे काम घेऊन बसतात. जेवायच्या दिवशी कुणी त्या दशांवरून हात फिरवला, की त्यांना तो कापडावरून कळतो आणि त्या विचारतात, “कोण बसलंय तिथे?” कुठली तयार सजावट आणली असती, तर त्यांच्या वाट्याला काय आलं असतं?

आता कागदाविषयी लिहिते, कारण तो माझा विषय. सगळ्यात साधी आणि कधीही न कोसळणारी सजावट म्हणजे उलटसुलट घड्यांचा, पंख्यासारखा पट्टा. १० सेंटीमीटर उंच, टेबलाच्या मधून नागमोडी जाणारा. तो उभा राहील की लोळेल, हे कागदातल्या तंतूंच्या दिशेवर ठरतं. कारखान्यात कागद तयार होताना बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने पडतात. त्या दिशेने घडी स्वच्छ बसते, आडवी घातली तर तिची कडा फुटते. हे बघायला आपलं वृत्तपत्रच पुरे. पान वरून खाली फाडा, सरळ फाटत जाईल. आडवं फाडा, कुठल्या कुठे जाईल. पंख्याच्या पट्ट्यात तंतू उभे आले पाहिजेत. मग घड्याही नीट बसतात आणि पट्टा ताठ उभा राहतो.

जाडीसाठी एक सोपी युक्ती आहे. ए-४चे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर होतो. कागदावर लिहिलेले ग्रॅम एका चौरस मीटरचे असतात, म्हणजे ‘८० ग्रॅम’ असं लिहिलेल्या कागदाचं एक पान ५ ग्रॅम भरतं. घरात पडलेला कागद कसला आहे हे माहीत नसलं, तर ए-४ मापाची दहा पानं कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ५० ग्रॅम भरली तर तो झेरॉक्सचा साधा कागद, आणि पंख्याला तो चालतो. ७५च्या आसपास भरली तर फारच उत्तम. १००च्या पुढे गेली, की घडी घालण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनाने पट्टी लावून रेघ दाबून घ्यावी, नाहीतर कागद तडकतो. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेची जाड पानं अशा रेघेने छान वळतात.

मुलांसाठी कागदाच्या पट्ट्यांची वीण आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी जी शिक्षणपद्धती सुरू केली, तिच्यात कागदाच्या घड्यांना आणि पट्ट्यांच्या विणीला जागा होती. सहा वर्षांचं मूल एक वर, एक खाली अशी ताटाखालची चटई तासाभरात विणतं. ती वाकडी झाली तर वाकडीच ठेवावी, मागून कुणी सरळ करू नये. शाळेत मी पहिली काही वर्षं मुलांचं काम दुरुस्त करत असे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. एक मात्र पाळावं. वृत्तपत्राच्या पट्ट्यांची चटई ताटाखाली चालेल, तिच्यावर खाण्याचा पदार्थ थेट ठेवू नये. छपाईच्या शाईतली द्रव्यं अन्नात उतरू शकतात.

नावाच्या चिठ्ठ्या आमच्याकडे आता नातीकडे असतात. कागद मधोमध दुमडून तंबूसारखा उभा करायचा आणि नाव दोन्ही बाजूंना लिहायचं. बहुतेक ठिकाणी ते एकाच बाजूला असतं, बसणाऱ्याकडे तोंड करून. पण स्वतःचं नाव ज्याचं त्याला ठाऊक असतं. ते वाचायचं असतं समोरच्याला. आमच्या घरात नवीन आलेल्या सूनबाईंनी पहिल्या जेवणात चौदा जणांची नावं या चिठ्ठ्यांवरून लक्षात ठेवली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. अण्णांची जागा चिठ्ठीनेच ठरते. टेबलाच्या टोकाला, पाठ खिडकीकडे, म्हणजे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उजेड आणि दोन्ही रांगा समोर.

काही धोक्यांबद्दल लिहिलंच पाहिजे. लाल-काळ्या गुंजा दिसायला मोहक, पण त्यांच्यात ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. अखंड गुंजेचं कवच टणक असतं, पण माळेसाठी तिला भोक पाडलं की ते संरक्षण गेलं. कण्हेरीचं फूल, पान, फांदी सगळंच विषारी. या दोन्ही गोष्टी जेवणाच्या टेबलावर येताच कामा नयेत. मैद्याची खळ घरी करावी, पण ती टिकावी म्हणून बाइंडिंगवाले घालतात ते मोरचूद या कामाला अजिबात नको. खळ दोन दिवसांत खराब झाली तर नवी करता येते. आणि चमकी. ती बहुधा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची असते, बोटांवरून ताटात जाते आणि धुतल्यावर पाण्यात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपल्या लेखात ती शिंपडायला सांगितली आहे, याचं मला वाईट वाटलं.

आता विनंती. सुट्टीच्या आधीच्या पुरवणीत छायाचित्राऐवजी एक नमुना छापा. प्रत्यक्ष मापाचा, कापून घेता येईल असा. अकिरा योशिझावा या जपानी कलावंताने १९५४ साली घड्या दाखवण्यासाठी रेघा आणि बाणांची खूण-पद्धत मांडली. घडी आत की बाहेर हे तुटक रेघेच्या प्रकारावरून, कागद कुठे वळवायचा हे बाणावरून. जगभर आज त्याच खुणांचा विस्तार वापरतात. ज्याला लेख वाचायला वेळ नाही, ज्याला अजून वाचता येत नाही, त्यालाही त्या कळतात. प्रत्येक नमुन्याखाली तीन ओळी द्या: तयार झाल्यावर उंची किती, कागदाचे तंतू कुठल्या दिशेने, आणि सगळ्यात लहान कुणाला जमेल. आणि यापुढे सजलेल्या टेबलाचं छायाचित्र घ्याल, तेव्हा एकदा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या. उभ्याने वरून काढलेल्या छायाचित्रात सगळं नीटच दिसतं.

सोबत उलटसुलट घड्यांच्या पट्ट्याचा नमुना पाठवत आहे. तो अण्णांनी शाईने आखून दिला आहे आणि घड्यांमधलं अंतर नातीच्या बोटांना जमेल असं, ३ सेंटीमीटर ठेवलं आहे. छापलात तर एका कोपऱ्यात त्यांनी काढलेली ५ सेंटीमीटरची रेघ तेवढी गाळू नका. छपाईत माप कमी-जास्त झालं, तर वाचकांना ती पट्टीने मोजून लगेच कळेल.

आपली नम्र,
एक निवृत्त हस्तकला शिक्षिका