तेच वाक्य माझ्या तोंडी आले

लांजा,
17 ऑगस्ट 2025

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांची उत्तरे माझ्याकडे थकली आहेत, आणि मुलीच्या साखरपुड्याला मी आलो नाही तेव्हापासून फोन करायलाही धजावलो नाही. आज रविवार आहे, पहाटेपासून पाऊस कोसळतो आहे, आणि आता मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. गेल्या मंगळवारी शाळेत माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले. घरी हिला सांगून पाहिले, तर ती म्हणाली, "यात एवढे वाईट काय बोललात?" त्या वाक्याचा अर्थ तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही.

प्रकृती बरी आहे. साखर गोळीवर आटोक्यात आहे. आईचे ऐकणे आणखी कमी झाले आहे, बाकी ती ठणठणीत आहे.

आमच्या शाळेचा पट 31 आहे आणि शिक्षक आम्ही दोघेच. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी नव्या बाईंकडे. त्या मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन मार्च 2024 मध्ये इथे रुजू झाल्या. त्यांना 'नव्या' म्हणायची आम्हा सर्वांना सवय लागली आहे, पण त्यांचे डी.एड. 2013 साली झालेले आहे. 2012 नंतर भरतीवर जवळजवळ बंदीच राहिली, ती उठेपर्यंत त्यांनी खासगी शाळांत मिळेल त्या पैशांवर दहा वर्षे शिकवले, त्यात टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्या, 2023 ची अभियोग्यता चाचणी दिली, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी शिक्षण सेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावरच्या शिक्षिका, झाल्या. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला एक मुलगा जूनमध्ये त्यांच्या वर्गात आला, त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. बाईंनी त्याच्यापुढे चिंचोके मांडून, एकेका चिंचोक्यावर खडूने अक्षर काढून त्याला शिकवायला घेतले. परवा त्याने फळ्यावरचे 'पाऊस पडला' वाचले आणि मग दाराकडे बोट दाखवून खरा पाऊस दाखवला. मी पंचायत समितीत बैठकीला गेलो की चारही वर्ग त्या एकट्या सांभाळतात. पोषण आहाराची रोजची माहिती, यू-डायसवरची शाळेची माहिती, आधारच्या दुरुस्त्या हे सारे त्यांच्याच मोबाईलवरून आणि त्यांच्याच नेटपॅकवरून होते.

दर महिन्याला शालार्थ या पगाराच्या प्रणालीवर देयक भरताना आमची दोघांची नावे एकाखाली एक येतात. त्यांच्या ओळीत 16000 असतात. माझ्या ओळीत त्याच्या पाचपटीहून अधिक असतात. माझी चोवीस वर्षांची सेवा आहे, त्यामुळे माझ्याशी त्यांची तुलना नको, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण वेतनश्रेणीत आज रुजू होणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतनच 29200 आहे आणि महागाई भत्ता निम्म्याहून वर गेलेला आहे, म्हणजे घरभाडे न धरताही ती रक्कम 44000 च्या आसपास जाते. आपल्याच जिल्हा परिषदेत नव्याने लागलेल्या कनिष्ठ सहाय्यकाला पहिल्या महिन्यापासून वेतनश्रेणी मिळते. परिवीक्षा, म्हणजे उमेदवारीचा काळ, त्यालाही असते, पण ती पोटाला चिमटा काढून पार पाडावी लागत नाही. तीन वर्षे मानधनावर राबायचे ते शिक्षण सेवकाने, नाहीतर ग्रामसेवक, कृषी सेवक यांनी. 'मानधन' हा शब्द ज्याने या कामासाठी निवडला त्याने शब्दाचाही मान ठेवला नाही आणि धनाचाही.

तर मंगळवारी मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या भावाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळत होता आणि 40000 रुपये तातडीने हवे होते. आपल्या पतपेढीत सभासद होता येईल का, आणि मी जामीन राहीन का, एवढेच त्यांनी विचारले. सभासदत्व नियमित वेतनश्रेणीतल्यांनाच मिळते, हे मला त्यांना सांगावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. ती शांतता मला सहन झाली नाही आणि मी म्हणालो, "बाई, तीनच तर वर्षे आहेत, बघता बघता निघून जातील."

दत्ता, शब्दसुद्धा तेच! सप्टेंबर 2002, पत्र्याची ती खोली, तुझ्या हातचे पिठले (ते इतके घट्ट असायचे की कालथा उभा राहायचा), आणि ताईच्या लग्नासाठी पतपेढीने मला दारातून परत पाठवलेला दिवस. तू ताटातून वर न बघता हेच वाक्य बोललास, आणि मी ताट तसेच ठेवून उठलो, ते थेट शाळेच्या सामानाच्या खोलीत मुक्कामाला गेलो. सहा महिने आपण एकमेकांशी बोललो नाही.

त्या भांडणाचे मूळ पिठल्यात नव्हते, हे आपण दोघेही तेव्हाच जाणत होतो. एकाच अध्यापक विद्यालयातून एकाच वर्षी बाहेर पडलेले आपण. आप्पांच्या आजारपणात माझी मुलाखत हुकली, एवढाच आपल्यातला फरक. तू 1999 मध्ये 4500 च्या वेतनश्रेणीत लागलास. मधल्या काळात, 2000 साली, शासनाने तिजोरीवरचा भार हलका करण्यासाठी शिक्षण सेवक योजना आणली, आणि मी 2001 मध्ये 3000 रुपयांवर लागलो. तुझ्या हातात भत्त्यासह सहा हजारांच्या पुढे रक्कम येत होती. तू दुसरीला शिकवत होतास, मी तिसरीला. खोलीचे भाडे तू दोन वाटे भरू बघायचास आणि मी हट्टाने निम्मे मोजून द्यायचो, मग महिनाअखेरीला तुझ्याच पैशांनी चहा प्यायचो. तुझी एम-एटी दुचाकी चढ आला की मला खाली उतरवायची आणि तुला घेऊन एकटी पुढे जायची, यावर आपण किती हसलो होतो. पण त्या चढावर तुझ्या मागून चालताना मला हसू येत नसे, हे मी तुला कधी सांगितले नाही. आज सांगतो.

तेव्हा तुझा युक्तिवाद कायद्याचा होता. 'समान कामाबद्दल समान वेतन' हे राज्यघटनेच्या कलम 39(घ) मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही, असे तू नागरिकशास्त्राच्या तासाला सांगावे तसे सांगायचास. तू चुकत होतास, दत्ता, पण तुला उत्तर द्यायला मला फार वर्षे लागली. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, दिल्ली पोलिसांतल्या रणधीर सिंग नावाच्या चालकाच्या खटल्यात, हे तत्त्व कलम 14 आणि 16 शी जोडून घेतले होते. पुढे 26 ऑक्टोबर 2016 रोजी, पंजाबच्या जगजीत सिंग खटल्यात, त्याच न्यायालयाने सांगितले की तात्पुरता कर्मचारी नियमित कर्मचाऱ्याचेच काम करीत असेल तर त्याला निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळाले पाहिजे. बिहारच्या नियोजित शिक्षकांच्या बाबतीत मात्र मे 2019 मध्ये निकाल उलटा गेला, हेही मला ठाऊक आहे. म्हणून नुसत्या न्यायालयाच्या भरवशावर बसावे असे मी म्हणत नाही.

मला छळते आहे ते वेगळेच. मी 2004 मध्ये नियमित झालो आणि त्या तीन वर्षांकडे पाठ फिरवली. त्यानंतर जे जे शिक्षण सेवक म्हणून आले त्यांच्याकडे पाहताना माझ्या मनात एकच येई: आम्ही काढली, यांनाही काढता येतील. प्रत्यक्षात आमच्यापेक्षा त्यांची स्थिती वाईट होत गेली. मला मिळत होते ते वेतनश्रेणीतल्या नव्या शिक्षकाच्या निम्म्याच्या आसपास होते. मानधन पुढे 6000 झाले आणि मग वर्षानुवर्षे तिथेच अडले. सातवा वेतन आयोग लागू होऊन आपले मूळ वेतन 29200 पासून मोजले जाऊ लागले तरी सेवकाचे 6000 च होते, म्हणजे मूळ वेतनाच्या जेमतेम पाचवा भाग. 1 जानेवारी 2023 पासून ते 16000 झाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी "चला, बरे झाले" म्हटले आणि विषय मिटला असे धरून चाललो. आजही ते वेतनश्रेणीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावरच आहे. माझ्या वेळेपेक्षाही कमी, हे मी मंगळवारी रात्री कागदावर मांडेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

मार्च 2023 चा संप आठव. 14 तारखेपासून सात दिवस आपण रस्त्यावर होतो, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. तुला आणि मला जुनी पेन्शन आहेच, कारण आपण 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीचे. तरीही धाकट्यांसाठी गेलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. मग याच धाकट्यांच्या पहिल्या तीन वर्षांसाठी आपण एक दिवसही का बसलो नाही? एकाच शिक्षकवृंदात आपण किती थर करून ठेवले आहेत: 2000 पूर्वीचे, 2005 पूर्वीचे, त्यानंतरचे, आणि सर्वांत खाली मानधनावरचे.

बाईंचे उत्तर सांगायचे राहिले. त्या म्हणाल्या, "हो सर. पण खोलीभाडे दर महिन्याला येते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. 3500 भाडे, 2000 पेट्रोल, 5000 घरी. उरलेल्यात खाणे, औषध आणि वर्षातून दोनदा नांदेडचा प्रवास, हे त्यांनी पूर्वी एकदा सहज सांगितले होते. मला तुझी आठवण झाली. मार्च 2003 मध्ये तू काही न बोलता माझ्या ट्रंकेवर 15000 ठेवून गेलास. ते तू स्वतःच्या नावावर कर्ज काढून आणले होतेस, आणि तुझ्या पगारातून हप्ते जात होते, हे मला कितीतरी उशिरा कळले. म्हणून मीही बुधवारी बाईंना म्हटले की मी माझ्या नावावर कर्ज काढतो, तुम्ही सवडीने फेडा. त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षीही फी आहेच. दर वर्षी तुमच्यापुढे किती वेळा येऊ?" गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मागितली. आईच्या पाटल्या घेऊन बँकेत सोनेतारणासाठी जायचे होते. त्या रजेच्या अर्जावर मी सही केली, आणि ती सही करताना माझा हात जड झाला होता.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी संघटनेच्या तालुका शाखेची सभा आहे. तिथे मी ठराव मांडणार आहे: तीन वर्षांची परिवीक्षा असू द्या, कामाची तपासणी हवी तितकी कडक करा, पण वेतनश्रेणी पहिल्या दिवसापासून द्या. कार्यकारिणीतल्या दोघांशी बोललो. एक म्हणाला, आधी पेन्शनचा प्रश्न सुटू दे. दुसरा म्हणाला, "आम्ही नाही का काढली?" त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही, कारण वीस वर्षे मीही तेच म्हणत आलो. तालुक्यातले शिक्षण सेवक स्वतः उभे राहून बोलणार नाहीत. समाधानकारक सेवेचा अहवाल मुख्याध्यापकाकडून जातो, आणि त्यावर त्यांचे नियमित होणे अवलंबून आहे. ज्यांच्या सहीची त्यांना भीती वाटते त्यांनीच हे बोलायला हवे, आणि आमच्या शाळेत ती सही माझी आहे.

तू आता केंद्रप्रमुख आहेस. तुझ्या केंद्रात किती सेवक आहेत, त्यांचे कसे चालते, मुद्दाम विचारून कळव. आणि जमल्यास सभेला ये. 1999 चा माणूस उभा राहून हे बोलला तर त्याचे वजन माझ्या बोलण्याहून अधिक पडेल. आल्यास मुक्कामाला घरीच ये, पिठले आमची ही करील.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचे बाळ्याकडून कळले, फार बरे वाटले. मुलीच्या लग्नाची तारीख ठरली की लगेच कळव, या वेळी मी आदल्या दिवशीच हजर असेन. बदलीचे काय झाले?

ठरावाचा कच्चा मसुदा सोबत पाठवत आहे. दुसऱ्या परिच्छेदातली भाषा मला ढिली वाटते. तुझ्या लाल शाईने दुरुस्त करून शुक्रवारपर्यंत पोचेल असे बघ.

तुझा,
अनंता

ता. क. बाईंच्या भावाचा प्रवेश काल पक्का झाला. पाटल्या सोडवायची मुदत एक वर्षाची आहे, आणि बाईंना वेतनश्रेणी मिळेल ती मार्च 2027 मध्ये.