दोन भाषांच्या (इंग्लिश-स्पॅनिश) सर्व्हिसबद्दल तक्रार

नमस्कार सर,

अमेरिकेतल्या एल पासोहून लिहितोय. आपलं पहिलं बोलणं मराठीतच झालं होतं म्हणून हे पण मराठीतच लिहितो. तुमच्या सपोर्टला इंग्लिशमध्ये चार मेल टाकून झाले, चारही वेळा "तुमचा मुद्दा टीमला कळवला आहे" एवढंच उत्तर आलं, म्हणून आता थेट तुम्हाला.

आमचं काम तुम्हाला माहितीये. वायर आणि टर्मिनल इकडच्या गोडाऊनमधून पुलापलीकडे मेक्सिकोत हुआरेझला जातात, तिथे आमच्या मेक्सिकन कंपनीत २२ माणसं क्रिंपिंग (वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं) आणि असेंब्ली करतात, तयार हार्नेस म्हणजे वायरचे जोडलेले जुडगे परत इकडे येतात. मला स्पॅनिश बाजारात भाजी घेण्यापुरतं येतं, कायद्याचा कागद वाचण्याइतकं येत नाही, आणि नेमकं म्हणूनच तुमच्याशी वर्षाचं ॲग्रीमेंट केलं. लेबर, कस्टम्स, मीटिंग सगळं दोन्ही भाषांत आम्ही बघतो, तुम्ही धंदा बघा, हे तुमचेच शब्द.

आता काय झालं ते सांगतो. मार्चमध्ये एक लाईन बंद करावी लागली आणि सहा वर्षं काम केलेल्या एका बाईंना कमी करावं लागलं. मी तुमच्या माणसाला मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की यांना कायद्याने जे काही बसतं ते पूर्ण द्यायचं, नोकरी आपण घालवतोय त्याची भरपाई धरून. माझ्याकडे इंग्लिश कॉपी आली त्यावर "सेटलमेंट" लिहिलेलं, मी सही केली. स्पॅनिश कॉपीवर होतं "फिनिकितो". सर, तुम्ही या धंद्यात आहात, तुम्हाला हा फरक मी सांगायला नको होता. फिनिकितो म्हणजे माणूस स्वतःहून सोडून गेला तरी जो हिशोब मिळतो तो, राहिलेले दिवस, सुट्ट्यांचे पैसे, वर्षाच्या बोनसचा म्हणजे अगिनाल्दोचा वाटा. कंपनीने काढलं तर लिकिदासिओन करायची असते, त्यात वरून तीन महिन्यांचा पगार येतो, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १२ दिवसांची रक्कम असते. तुमच्या माणसाने इंग्लिशमधला एक शब्द घेतला, त्याला स्पॅनिशमधला एक शब्द लावला, आणि आकडापण त्याच शब्दाचा काढला.

त्या बाईंनी टेबलवर कागद पुढे ओढला, सावकाश वाचला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इ मिस सेइस आन्योस?" म्हणजे, आणि माझी सहा वर्षं? एवढं मलाही कळलं. तुमची दुभाषी फोनवर होती, तिने मला काय सांगितलं तर "त्यांना काही शंका आहेत". शंका नव्हती ती. ती बाई मला विचारत होती की तू मला फसवतोयस का, आणि मी तिथे तोंडात मारल्यासारखा गप्प बसलो कारण माझ्यातर्फे बोलायला ज्यांना पैसे दिले होते त्यांनी ते वाक्य माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही.

त्यांनी सही केली नाही आणि त्या कन्सिलिएशन सेंटरला, म्हणजे कामगार-मालकाचे वाद मिटवणाऱ्या सरकारी ऑफिसला गेल्या, बरोबरच केलं. वकील करावा लागला. शेवटी रक्कम ठरली ती जवळपास तेवढीच जी मी पहिल्या दिवशी आनंदाने दिली असती. वकिलाची फी वेगळी, पण त्याहून मोठं म्हणजे बाकीची २१ माणसं त्यानंतर दोन महिने माझ्याशी मोजूनमापून बोलत होती. ते नुकसान कुठल्या बिलात लावू?

दुसरी गोष्ट सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनची, म्हणजे माल कुठल्या देशात बनला ते सांगणाऱ्या कागदाची. अमेरिका, मेक्सिको, कॅनडाचा नवा व्यापार करार आला तेव्हापासून म्हणजे १ जुलै २०२० पासून ठराविक फॉर्म नाही, नऊ गोष्टी त्यात असल्या की झालं, इंग्लिश स्पॅनिश कशातही चालतं. तुम्ही करून दिलं त्यात मुदत सुरू होण्याची तारीख 05/08 अशी टाकली. अमेरिकेत हे ८ मे, मेक्सिकोत ५ ऑगस्ट, आपल्याकडेही ५ ऑगस्टच वाचतील. माल जूनमध्ये निघाला, आमच्या कस्टम्स एजंटने तारीख बघितली आणि पेदिमेन्तो म्हणजे मेक्सिकोच्या कस्टम्सचा कागद करायला नकार दिला, ट्रेलर सारागोसा पुलाच्या अलीकडे यार्डात दोन दिवस उभा. मी सकाळी १० ला फोन केला तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ, तुमचं ऑफिस बंद. महिना अक्षरात लिहिला असता तर काहीच झालं नसतं.

तुम्ही कामगारांसाठी करून दिलेल्या नियमांच्या हँडबुकचंही सांगून टाकतो, त्यात पहिल्या वर्षानंतर सहा दिवस सुट्टी लिहिलीये. २०२३ च्या सुरुवातीपासून ती १२ दिवस आहे. जुनं टेम्प्लेट आमचं नाव घालून दिलं असणार, दुसरं काय.

मला एक मनापासून सांगायचंय. दोन्ही भाषा येणारी माणसं एल पासोमध्ये गल्लोगल्ली आहेत, माझ्या शेजारचा शाळकरी मुलगासुद्धा फाडफाड दोन्ही बोलतो. मी पैसे दिले ते पलीकडचं काम आणि अलीकडचं काम दोन्ही कळणाऱ्या माणसासाठी. तुमच्या दुभाषीचा राग नाही माझा, तिचं स्पॅनिश चांगलं आहे, पण तिला पगाराच्या हिशोबाचा कागद कोणी कधी दाखवलेला दिसत नाही आणि तिला तसं बसवणारे तुम्ही.

तर माझं मागणं असं आहे की वर्षाच्या फीपैकी अर्धी रक्कम परत करा, वकिलाचं बिल सोबत जोडलंय ते तुम्ही भरा, आणि आतापर्यंत दिलेले सगळे स्पॅनिश कागद हुआरेझमधल्या लेबर आणि कस्टम्स जाणणाऱ्या माणसाकडून तपासून दुरुस्त करून द्या, तुमच्या खर्चाने. पुढच्या मीटिंगला फोन नको, माणूस समोर हवा. १५ दिवसांत लेखी उत्तर हवं, नाहीतर ॲग्रीमेंट तिथेच संपलं असं धरा आणि मग मी इकडच्या वकिलामार्फत बोलेन.

आणि त्या बाईंना तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर, नीट स्पॅनिशमध्ये, एक माफीचं पत्र पाठवा. चूक हिशोब करणाऱ्यांची होती, मालकाने पैसे दाबले नव्हते, हे त्यात लिहा. ते मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देईन.

आपला,
एल पासोचा हार्नेसवाला