अण्णा, पिकअपचा विसार घेतलाय

पुणे, रविवार रात्र

ती. अण्णा आणि आई,

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून लिहितीये. पिकअपचा विषय निघाला की अण्णा "हां, आईशी बोल" म्हणून फोन पुढं करतात आणि आई लगेच "जेवलीस का" वर येते, मग जावयाची ॲसिडिटी, पोरीची परीक्षा, आणि अर्ध्या तासानं फोन बंद. म्हणून शेवटचं आधी सांगते. गाडीचा विसार मी घेतलाय. २१ हजार. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा तो पोरगा, ज्यानं यंदा चार एकर बाग धरलीय, त्याच्याकडून. अण्णा, लगेच चष्मा काढून ठेवू नका, पूर्ण वाचा. आई, तू मोठ्यानं वाचून दाखवत असशील तर आधी त्यांना चहा दे.

तुम्हाला न विचारता केलं, हे चुकलंच. पण तुम्ही तरी मला कुठं विचारलंत? काकांच्या पोरानं चुकून मला व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं, तेव्हा मला कळलं की जुनी पिकअप एक्स्चेंजला देऊन नवी डबल कॅब, म्हणजे चार दारांची पिकअप, घ्यायचं घाटतंय. रथोत्सवाला तासगावात पाहिलेली, पांढऱ्या नंबरपाटीची, काळ्या काचांची. कोटेशनमधला आकडा मी इथं लिहीत नाही, आईला चक्कर येईल. एवढंच सांगते, आई, की धाकट्या काकांनी रोडटच घर बांधलं ना, त्यापेक्षा फार कमी नाही.

रागानं म्हणत नाहीये अण्णा. हौस कळते मला. उभं आयुष्य दुसऱ्याचा माल वेळेवर पोचवण्यात गेलं, आता एक गाडी आपल्याला आवडली म्हणून घ्यावी, यात चूक काय? काहीच नाही. पण मग ती हौस आहे असं म्हणा ना. "शेतकऱ्याला पिकअप लागतीच" असं म्हणू नका, कारण मी दिवाळीत आले होते तेव्हा तुमची डिझेलची डायरी बघितली. हो, कपाटातली, रेक्झिनची. चोरून बघितली, माफ करा. गेल्या वर्षभरात गाडी १४० च्या वर वेळा बाहेर पडलीय आणि त्यात खरोखर ओझं होतं १० वेळा. त्या दहातल्या चार खेपा मंडळाच्या मांडवाच्या, एक पाहुण्यांच्या फ्रिजची. आपलं स्वतःचं म्हणजे बेदाण्याच्या दोन खेपा, शेणखत, औषधं आणि एकदा पाइप. बाकी सगळं तासगावला भाजी, बँक, मिरजेला डोळे, सांगलीला लग्न. पाव किलो कोथिंबिरीला दीड टनाची गाडी.

आणि ती वाळूची पोती. हौद्यात दोन पोती वाळू भरून ठेवलीय, कायमची. रिकामी पिकअप उडते म्हणून. उडणारच, मागचे स्प्रिंगचे पाटे बनवलेत टन-सव्वा टन पेलायला, त्यावर काही नसलं की ते दबतच नाहीत, प्रत्येक खड्डा सरळ आईच्या मणक्यात, आणि पावसात ब्रेक मारला की मागची हलकी चाकं सरकतात ते वेगळंच. मला हे तुम्हीच शिकवलंय. पण अण्णा, विचार करा, जी गाडी नीट चालावी म्हणून आधी तिच्यात ओझं भरावं लागतं, ती आपल्याला आता कशाला हवीय? आपल्याकडं ओझंच राहिलं नाही हो. दोन एकर वाट्यानं दिली, ३० गुंठे बाग उरली, तिचा दीड-दोन टन बेदाणा निघतो. त्या दोन दिवसांसाठी बाकीचे ३६३ दिवस तिचं पासिंग, टायर, बॅटरी सांभाळत बसायचं.

पैशाचं बोलले की तुम्हाला आवडत नाही, तरी बोलते. पिवळ्या नंबरपाटीच्या मालगाडीला नुसता थर्ड पार्टीचा हप्ता १६,०४९ रुपये, वर जीएसटी. हीच छोटी कार असली तर ३,४१६. आठ वर्षं झाल्यापासून फिटनेस दरवर्षी, येत्या दसऱ्याला गाडीला १५ होतील, मग त्याची फी अजून चढते. आणि छोटा हत्ती तासगावातून सांगली मार्केट यार्डाला काकांनी गेल्या सीझनला १४०० रुपयांत नेला. छोट्या हत्तीत एवढं बसत नाही म्हणाल, तर दोनाच्या तीन खेपा करा, तरी आपल्या इन्शुरन्सच्या निम्म्यातसुद्धा जात नाही. हे मी एक्सेलमध्ये मांडून जावयांना दाखवलं तर ते म्हणाले, "अण्णांना एक्सेल दाखवू नकोस." म्हणून नाही दाखवत.

दादाचं बघून तुम्ही पेटलाय हे मला माहितीये. त्यानं व्हिडिओ कॉलवर ती फोर्डची एफ-१५० दाखवली, बोनेटला हात लावून उभा होता, तुमचा चेहरा मी बघितलाय तेव्हा. पण तिकडची, अमेरिकेची, गोष्ट निराळी आहे. तिकडं फोर्डची ही पिकअप चाळीसेक वर्षं सगळ्यात जास्त खपणारी गाडी आहे, तिकडं ऑफिसला जाणारा माणूससुद्धा पिकअपनं जातो. त्यात गंमत म्हणजे बाहेरून येणाऱ्या पिकअपवर तिकडं १९६४ पासून २५ टक्के कर आहे, आणि तो बसला कशावरनं, तर युरोपनं अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर लावला त्या भांडणात! कोंबड्यांच्या भांडणात पिकअप. दादानंच सांगितलं मला. मग मी त्याला विचारलं, बाबा रे, तू हौद्यात काय नेतोस? जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "मागच्या वर्षी गादी आणली होती." त्याची गाडी जवळपास सहा मीटर लांब आहे, त्याच्या रस्त्याला ती शोभते. आपल्या मारुतीच्या देवळाजवळ समोरनं उसाची बैलगाडी आली की तुम्हाला आत्ताच्या गाडीचा आरसा दुमडावा लागतो. त्याला मध्ये घालू नका, तो तिकडनं "घ्या घ्या" म्हणेल आणि डिझेल तुम्ही भराल.

आमच्या सोसायटीतपण एकानं तसली डबल कॅब घेतलीय. सव्वापाच मीटरच्या वर आहे, पार्किंगच्या पट्ट्याबाहेर तोंड काढून उभी असते. हौद्याला झाकण बसवलंय, दोन वर्षांत ते उघडलेलं मी एकदा बघितलं, आत छत्री होती.

आता जे लिहायचं नव्हतं ते. आई, तुळशी वृंदावनाचा कोपरा म्हशीनं पाडला म्हणालीस ना? म्हैस आपण दोन वर्षांपूर्वी विकली. तू सांगितलंस तेव्हा मी काही बोलले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, सारखं डोळ्यांसमोर येत होतं की रिव्हर्स घेताना तिथं वृंदावनाच्या जागी तू रांगोळी काढत बसली असतीस तर. अण्णा, तुमचा दोष नाही काढत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, डावा गुडघा क्लच दाबताना कसा होतो ते तुमच्या तोंडावर दिसतं, तुम्ही बोलत नसला तरी. वर तुम्ही मला सुनावता की सुप्रीम कोर्टानं २०२४ ला निकाल दिलाय, साध्या लायसनवर साडेसात टनापर्यंतची गाडी चालवता येते. दिलाय, बरोबर आहे. पण कोर्टानं लायसनचं सांगितलंय, गुडघ्याचं नाही.

आणि ते श्रावणात दंडोबाला भिशीच्या बायका हौद्यात बसवून नेणं! आई, तू पुढं, आणि त्या सगळ्या मागं सतरंजीवर. मालाच्या गाडीत मागं माणसं बसवली आणि काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

बरं, चिडत नाही.

मला काय आठवलं माहितीये का, हे सगळं लिहायला बसले तेव्हा? आपली दुचाकी, एम-८०. पुढं दुधाची किटली, मध्ये मी, आणि थंडीत तुम्ही जर्किनची चेन माझ्यासकट लावायचात, माझं फक्त डोकं बाहेर. तासगावला शाळेपर्यंत मी तुमच्या पोटाला टेकून झोपायचे. मग २०११ ला पिकअप आली, पेढे वाटले, फाळक्यावर पेंटरकडनं "बबडी" लिहून घेतलंत, आणि मी २३ वर्षांची घोडी, मला मैत्रिणींसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. २०१३ च्या उन्हाळ्यात हौद्यात हजार लिटरची टाकी बांधून तुम्ही रात्र रात्र खेपा केल्यात, म्हणजे दर खेपेला एक टन पाणी, बाग मरू दिली नाहीत. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सगळे घरात टीव्ही बघत होते आणि तुम्ही कडबा आणि पाण्याचे बॉक्स भरून सांगलीच्या वेशीपर्यंत जाऊन आलात, तीनदा. त्या गाडीनं काय केलंय ते मला कुणी सांगायला नको.

आणि वाळूची पोती पहिल्यांदा कधी टाकली होतीत, आठवतंय? माझ्या बाळंतपणानंतर. सांगलीच्या दवाखान्यातनं घरी नेताना. टाके होते म्हणून गाडी उडायला नको, तर सकाळी उठून तुम्ही स्वतः पोती भरलीत. ताशी वीसनं चालवलीत. मागं ही लाइन लागलेली, पोरं हॉर्न मारत होती, तुम्ही काच खाली करून एकाला शिवी दिलीत आणि मग बाळाकडं बघून जीभ चावलीत. तेव्हापासून ती पोती तिथंच आहेत. म्हणून मगाशी जे वाळूबद्दल लिहिलं ते लिहिताना मला बरं वाटत नव्हतं, पण खोडत नाही, कारण ते खरंच आहे.

तर आता पुढचं. वॅगनआर बुक केलीय, ऑटोमॅटिक. क्लच नाहीच, डावा पाय नुसता ठेवायचा. सीट उंच आहे, आईला तो निळा स्टूल लावून चढायला नको, गुडघे फार न वाकवता सरळ आत बसता येतं, मी सासूबाईंना बसवून बघितलंय. एसी आहे, मिरजेला जाताना खिडकी उघडून धूळ खात जायला नको. डिकी ३४१ लिटरची, भाजी, डबे, आईची पिशवी आणि पिशवीतली पिशवी सगळं बसतं, मागची सीट दुमडली की औषधाचे चार-पाच बॉक्सपण बसतील. रंग पांढरा घेतलाय, तुम्हाला लाल हवा असला तर मंगळवारपर्यंत सांगा, बदलता येतो. पैसे मी आणि जावई देतोय, त्यावर वाद नको. पिकअपचे येतील ते आईच्या नावावर एफडी करा. अर्धे म्हणत नाहीये, सगळे.

आणि अण्णा, एक गोष्ट माझ्या हातात नाही. आरसी तुमच्या नावावर आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सही तुमचीच लागणार. मी विसार घेतला म्हणजे गाडी विकली असं नाही. तुम्हाला अगदीच नको असलं तर २१ हजार मी त्या पोराला परत करीन, तो ऐकेल, चांगला आहे. पण त्याच्याकडं ओझं आहे अण्णा. क्रेट आहेत, बेदाणा शेड टाकतोय, दिवसाआड खेप आहे. त्यानं गाडी बघितली तेव्हा इंजिनच्या आधी पाट्यांना हात लावून बघितला. मला वाटलं तुम्हाला हे आवडेल. आपला बेदाणा तो नुसत्या डिझेलच्या पैशांत पोचवून देणार आहे, त्यानंच सांगितलं, मी मागितलं नव्हतं. "बबडी" पुसू का विचारत होता. मी म्हटलं अण्णांना विचार.

सही केलीत तर एवढं नीट करा. नाव ट्रान्सफर झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय दुसरी किल्ली द्यायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी, उद्या काही अपघात झाला तर ज्याचं नाव आरसीवर त्याच्याच दारात येतात. सीटखालची छाटणीची कात्री, जॅक आणि तुमची ती टॉर्च काढून घ्या. डायरीपण. बीपीची गोळी सकाळचीच घ्यायची, "संध्याकाळी घेतो" चालणार नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख मी पुढच्या महिन्यातली घेतीये, द्राक्षाचं कारण सांगू नका. नवी गाडी आली की पहिले आठ दिवस काकांच्या पोराला शेजारी बसवा, ऑटोमॅटिकला सवय लागते. आणि वृंदावनाजवळ रिव्हर्स बंद, गाडी गोठ्याच्या बाजूनं आत घ्यायची.

आई, डॅशबोर्डवरचा गणपती तू काढ, त्यांना काढू देऊ नको. डिंकानं चिकटलाय, गरम पाण्याचं फडकं पाच मिनिटं धर, ओरबाडू नको, सोंड आधीच एकदा चिकटवलेली आहे. शनिवारी येतीये. शेंगदाण्याची चटणी करून ठेव, जास्त लसणाची.

तुमची
बबडी

ता.क. वाळूची पोती त्याला देऊ नका. गुरुवारी गवंडी येतोय, वृंदावनाच्या कोपऱ्याला तीच वापरा, मी त्याला सांगितलंय.