पदराच्या गाठीतली चिठ्ठी

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुम्हाला पत्र लिहायचे म्हणून गेल्या वर्षभरात मी चार वेळा वही उघडली आणि चारही वेळा मिटून ठेवली. आज मात्र लिहून पूर्ण करतो, आणि सर्वांना वाचता येईल असे लिहितो, कारण माझा अपराध साऱ्या गावाला ठाऊक झाला आणि तुमचा उपकार माझ्या पडवीतच राहून गेला. यंदा, 2026 साली, ईस्टर, म्हणजे प्रभू येशू मरणातून उठल्याचा सण, 5 एप्रिलला आहे. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा त्याचा हिशेब असल्यामुळे आमच्याकडे तो बहुधा हनुमान जयंतीच्या आगेमागे येतो, कापसाची पऱ्हाटी उपटून शेते उघडी पडलेली असतात तेव्हा. 2025 साली तो 20 एप्रिलला होता. तुम्ही आलात तो त्याच्या आदला दिवस, शनिवार.

माझा धाकटा भाऊ 2023 च्या फेब्रुवारीत गेला. आम्हा दोघांत धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद होता. नांगराच्या दोन तासांएवढ्या (दोन सऱ्यांएवढ्या) जमिनीसाठी आम्ही सहा वर्षे एकमेकांच्या दारात गेलो नव्हतो. आजार वाढला तेव्हा त्याने आपल्या मुलाच्या हाती मला चिठ्ठी पाठवली: ‘दादा, नागपूरले न्या लागते म्हनतेत. दहा हजार पाहिजे. तूर इकली का देतो.’ त्याच आठवड्यात माझा कापूस विकला गेला होता आणि पैसे घरात, धान्याच्या कोठीमागे डब्यात होते. मी पुतण्याला ‘पाहतो’ एवढेच म्हणालो. पाहिले नाही. आठव्या दिवशी भाऊ गेला.

त्यानंतर दोन वर्षे मला धीर द्यायला पुष्कळ लोक आले, आणि त्यांच्याविषयी मनात राहिलेला कडवटपणा मी लपवत नाही. आयुष्याची दोरी तेवढीच होती, असे काहींनी सांगितले. प्रार्थनासभेला आलेल्या एका उपदेशकाने सर्वांसमोर विचारले की तुमचा भाऊ दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देवाला देत होता का, आणि ते ऐकून माझी भावसून, म्हणजे त्याची बायको, पोरांना घेऊन उठून गेली. ज्या पुस्तकातून ते गृहस्थ उपदेश करत होते त्याच बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाविषयी येशूचे शिष्य नेमका हाच प्रश्न विचारतात की पाप याने केले की याच्या आईबापांनी, आणि प्रभू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज पडून जे 18 जण मेले ते इतरांहून अधिक पापी नव्हते, हेही त्याचेच बोलणे आहे. दुसऱ्या एकाने मला सुचवले की आपल्या प्रार्थनामंदिराच्या छपराला पैसे द्या, मन हलके होईल. मी दिले. छपरावर टिनपत्रे चढली, माझी झोप परतली नाही. पण सर्वांत जास्त त्रास झाला तो माझ्या पाठीवर हात ठेवून ‘तुमची काही चूक नाही’ म्हणणाऱ्यांचा. ते मनाने चांगले होते, हे मी मान्य करतो. परंतु त्यांच्या त्या एका वाक्याने माझा भाऊ पुन्हा एकदा रिकाम्या हाताने माझ्या दारातून परत जात असे.

तुम्ही फाट्यावर एस.टी.तून उतरून भर उन्हात चालत आलात. आमची तुमची जेमतेम ओळख. नोकरीतून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई सणाच्या दिवसांत खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांना भेटी देतात, एवढेच मी ऐकून होतो. तुम्ही ओट्यावर बसलात, पाणी मागितलेत आणि गडवाभर पाणी संपेपर्यंत काही बोलला नाहीत. मग मीच बोलायला लागलो आणि सगळे सांगून झाल्यावर खिशातली चिठ्ठी काढून तुमच्यापुढे धरली. ती मी खताच्या बिलाच्या प्लास्टिकमध्ये ठेवत असे, तरी घामाने तिच्यावरची शाई पसरली होती आणि घड्या झिजून कागदाला भोके पडली होती. तुम्ही चष्मा लावून ती आधी मनात वाचलीत आणि मग मोठ्याने, ‘इकली’ला ‘विकली’ न करता, भावाने लिहिली होती तशीच अक्षर न अक्षर वाचलीत. त्या दोन वर्षांत त्याचे शब्द कोणी उच्चारले नव्हते. नंतर तुम्ही म्हणालात, “भाऊ, हे खरं आहे. त्यांनी मागितलं, तुमच्याजवळ होतं आणि तुम्ही दिलं नाही.” मी मान हलवली, आणि दोन वर्षांत प्रथमच मोकळेपणाने रडलो.

मग तुम्ही जे केलेत त्यासाठी हे पत्र आहे. तुमच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती. ती तुम्ही सोडलीत; आत एस.टी.चे तिकीट आणि काही सुटी नाणी होती. माझ्या चिठ्ठीची हलक्या हाताने घडी घालून तुम्ही ती त्या नाण्यांजवळ ठेवलीत, पुन्हा गाठ मारलीत, दातांनी घट्ट केलीत आणि म्हणालात, “आता हे माझ्याजवळ.” मी घाबरून हात पुढे केला, कारण ती चिठ्ठी जवळ नसणे म्हणजे भावाला दुसऱ्यांदा टाकून देणे, असे मला वाटले. तुम्ही माझा हात बाजूला केला नाहीत आणि गाठही सोडली नाहीत. तुम्ही एवढेच सांगितलेत, “माझ्या पदरात राहून तुमचे पाप फिटत नाही, माझी स्वतःची पापे वेगळीच आहेत. पण आपले ओझे दुसऱ्याने उचलले म्हणजे काय होते, हे तुमच्या हाताला एकदा कळू द्या, मग उद्याच्या ईस्टरचा अर्थ कळेल.”

लहानपणापासून मी देवळात ‘तारण’ हा शब्द ऐकत आलो आहे, पण गावात त्याचा रोजचा अर्थ वेगळा. सोसायटीकडे जमीन तारण ठेवतात, सोनाराकडे दागिना तारण ठेवतात. कर्जापोटी अडकून पडलेली वस्तू म्हणजे तारण, आणि देवळात मात्र सुटका म्हणजे तारण. तुम्ही प्रेषित पौलाचे कलस्सैकरांस लिहिलेले बायबलमधले पत्र उघडून, आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख ख्रिस्ताने खोडला आणि वधस्तंभाला खिळून रद्द केला, हे वचन दाखवलेत तेव्हा हे दोन्ही अर्थ माझ्यासाठी प्रथमच एका ठिकाणी आले. अडकून पडलेला मी होतो, आणि सोडवायला येणाऱ्याने कागद नुसता नजरेआड केला नव्हता, त्यावरचे देणे भरले होते. देवाने माझ्याकडे पाहून ‘जाऊ दे, झाले ते झाले’ एवढेच म्हटले असते, तर माझ्या भावाच्या जिवाचे मोल काहीच नव्हते असे ठरले असते. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाला एवढा का धरून असतो, हे मला त्या दुपारी उमगले. तिथे पापाची किंमत पूर्ण लावली जाते आणि ज्याचे आपण देणे लागतो तोच ती आपल्या रक्ताने भरतो. प्रभूचा शेवटचा एक उद्गार ‘पूर्ण झाले आहे’ असा आहे. मूळ ग्रीकमध्ये तो ‘तेतेलेस्ताई’ हा एकच शब्द आहे, असे तुम्ही सांगितलेत, आणि तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

काइन आणि हाबेल यांची गोष्ट मी दोन वर्षे टाळत होतो. काइन शेतकरी होता, आणि त्याने आपल्या भावाला, हाबेलाला, जिवे मारले. ‘तुझा भाऊ कोठे आहे’ असे देव त्याला विचारतो, तेव्हा मी काय त्याचा राखणदार आहे, असे तो उलट बोलतो. माझे ‘पाहतो’ हेही त्याच जातीचे उत्तर होते. हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडते, हे वाक्य डोक्यात असताना वादाच्या धुऱ्यावर पाय ठेवणे किती कठीण असते ते मी जाणतो. ती गोष्ट तुम्ही टाळू दिली नाहीत, मात्र तिच्यापाशी मला सोडूनही गेला नाहीत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात येशूचे रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा चांगले बोलते असे म्हटले आहे, ते तुम्ही मला दोनदा वाचायला लावलेत. हाबेलाचे रक्त खोटे बोलत नव्हते. पण शेवटचा शब्द त्याचा नाही.

त्या रात्री तुम्ही आमच्याकडेच मुक्काम केलात. माझी बायको भाकरी भाजत होती आणि तुम्ही चुलीजवळ बसून प्रभूचा शिष्य पेत्र याच्याविषयी बोलत होता. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो: एकदा महायाजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभा असताना पेत्र प्रभूला नाकारतो, आणि एकदा पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी, जिथे प्रभू त्याला मासळी आणि भाकर खाऊ घालतो. आधी जेवण, मग प्रश्न. तीन नकारांना तीन प्रश्न, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झाले, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. घडलेच नाही असे प्रभू भासवत नाही. जिथे दुखते तिथेच हात ठेवतो आणि लगेच त्याच माणसाच्या हाती आपली मेंढरे सोपवतो. हे ऐकताना माझ्या बायकोच्या हातातली भाकरी तव्यावर करपली आणि तिला त्याचे भानही राहिले नाही.

शुक्रवारी वधस्तंभावर देणे भरले गेले, तर रविवारच्या पुनरुत्थानाची गरज काय, असे मी तुम्हाला विचारले होते. तुम्ही पौलाची दोन वचने दाखवलीत: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, आणि तो आपल्या अपराधांमुळे धरून दिला गेला व आपण नीतिमान ठरावे म्हणून उठवला गेला. मी ते माझ्या परीने समजून घेतले. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला तरी सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याशिवाय शेतकऱ्याला चैन पडत नाही. बोजा उतरलेला सातबारा हाती येतो तेव्हाच जमीन सुटली असे वाटते. ती रिकामी कबर माझ्यासाठी तो कोरा झालेला सातबारा आहे. पित्याला भरणा मान्य झाला नसता तर पुत्र कबरेतच राहिला असता.

पहाटे साडेचारला आपण नाल्यापलीकडच्या स्मशानभूमीकडे निघालो. मंडळी मेणबत्त्या घेऊन उभी होती, गाणे सुरू झाले होते. भावाच्या कबरेजवळ मी दोन वर्षांत गेलो नव्हतो. चला, असे तुम्ही म्हणाला नाहीत. पदराची गाठ मुठीत धरून पुढे चालू लागलात, आणि चिठ्ठी जिकडे चालली तिकडे मी चाललो. कबरेपाशी भावसून उभी होती. “माझ्या हातून पाप झालं,” एवढेच मी तिच्यासमोर बोलू शकलो. तिने उत्तर दिले नाही. ती थोडी बाजूला सरकली आणि मला उभे राहायला जागा झाली. तेवढ्यात पूर्वेला उजाडले.

परत जाताना तुम्ही मला फाट्यावर जे सांगितलेत ते मी पाळले. “जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करायचे ठरवले ते तारण विकत घेण्यासाठी नव्हे, प्रभू त्याच्या घरी आधीच आला होता. तसे तुम्ही द्या, किंमत म्हणून देऊ नका, देणे लागता म्हणून द्या.” जूनमध्ये पेरणीपूर्वी मी धुरा नांगराच्या दोन तासांएवढा माझ्या बाजूला सरकवला. दहा हजार भावसुनेकडे नेऊन दिले. तिने मोजले नाहीत आणि परतही केले नाहीत. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पुतण्या माझ्याशी बोलत नव्हता, आणि त्याने बोलावे असे म्हणण्याचा हक्क मला नव्हता. गेल्या आठवड्यात तो वखर मागायला आला. मी ‘पाहतो’ म्हणालो नाही. स्वतः उचलून त्याच्या बैलबंडीत ठेवून दिला.

बाई, तुम्ही कोणत्याही पदावर नाही आणि तुमच्या येण्याजाण्याची कोणी नोंद ठेवत नाही. आमच्या भागात तुमच्यासारखी माणसे आहेत, आणि ती सर्वच ख्रिस्ती आहेत असेही नाही. दुसऱ्याचे दुःख शेवटपर्यंत ऐकून घेतात, त्याला खोटे सांगत नाहीत आणि सांगून झाल्यावर उठूनही जात नाहीत. त्यांच्या बळावर आमची खेडी टिकून आहेत, असे मला मनापासून वाटते. तुमच्यामुळे मी पहिल्यांदा विश्वास ठेवू शकलो की प्रभूनेही माझी चिठ्ठी पूर्ण वाचूनच घेतली असेल.

ती चिठ्ठी मी परत मागत नाही. या ईस्टरला मात्र तुम्ही यावे, अशी आम्हा सर्वांची विनंती आहे. भावसुनेनेही तसे कळवायला सांगितले आहे आणि शनिवारचा मुक्काम यंदा तिच्याकडे ठरला आहे. तुमच्या गुडघ्यांना चालणे सोसणार नाही, म्हणून दुपारच्या एस.टी.ला मी मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा राहीन. पहाटे नाल्यापर्यंतच्या वाटेवर पुतण्या कंदील धरणार आहे.

तुमचा,
भाऊ