विडी कामगार महिलांच्या मानेचा विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बसण्याच्या योग्य पद्धतीविषयी वृत्तपत्रांतून भरपूर छापून येते. पण त्यातला सगळा सल्ला खुर्चीत बसून संगणकावर काम करणाऱ्यांसाठी असतो. सोलापुरात अक्षरशः मान मोडून काम करणारा मोठा वर्ग विडी कामगार महिलांचा आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, बाक आलेली पाठ आणि तासन्‌तास खाली गेलेली मान, असे हे काम पूर्वभागातल्या गल्ल्यांतून उघड्या दारातून सहज दिसते. मजुरी हजार विड्यांमागे ठरत असल्यामुळे ‘अर्ध्या तासाने उठून फिरा’ हा सल्ला त्यांच्या पदरात काही टाकत नाही, उलट मजुरीच कापतो.

सांध्यांतील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक आवरणाला, थेट रक्तपुरवठा नसतो. सांधा हलतो, त्यावर दाब येतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणूनच ‘दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला’ हा समज एका जागी बसून राबणाऱ्यांना लागू पडत नाही.

बदल कामातच बसवावा लागेल. पाट किंवा घडी घातलेली वाकळ घेऊन बसले, तर कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहून पाठीचा बाक कमी होतो; सुपाखाली उशी घेतली, तर मान कमी वाकते. दोन-तीन जुड्या बांधून झाल्या की खांदे मागे घ्यावेत, हनुवटी आत ओढावी आणि हात समोर सरळ धरून दुसऱ्या हाताने तळवा व बोटे हलकेच मागे ताणावीत. प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद, वयस्कर बायकांनी थोडा अधिक वेळ धरावा. हिसके देऊ नयेत, श्वास रोखू नये. बोटांना वारंवार मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल, तर मात्र ताणत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

पाने घेताना आणि माल देताना बायकांना थांबावे लागतेच. त्या वेळेत कारखानदार व महापालिकेच्या दवाखान्यांनी मिळून फिजिओथेरपिस्टकडून मराठी आणि तेलुगूत प्रात्यक्षिके द्यावीत. २१ जूनला योग दिनानिमित्त मैदानावर जो उत्साह दिसतो, त्यातला थोडा इकडे वळवला तरी पुरे (छायाचित्रे तेवढी चांगली येणार नाहीत, हे खरे). मात्र प्रात्यक्षिक देणाऱ्याने ते खुर्चीवर बसून नव्हे, तर सूप मांडीवर घेऊन जमिनीवर बसूनच दाखवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर